भोक चुकलं? आधी नॉब लावून बघा

सबमिशनच्या दिवसांत डिप्लोमाची मुलं पॉवर सप्लायचे डबे घेऊन माझ्याकडे येतात. आत एलएम 317 (व्होल्टेज ठरवणारा आयसी) व्यवस्थित व्होल्टेज देत असतो आणि पुढच्या पॅनेलवर एक भोक दोन मिलिमीटर डावीकडे गेलेलं असतं. हातात भोक बुजवायला एम-सीलचा गोळा मळून तयार. तो आधी खाली ठेवायला लावतो आणि म्हणतो, नॉब आण.

पॅनेलवरचं बहुतेक प्रत्येक भोक कशाच्या तरी खाली जाणार असतं. 16 मिमीच्या पोटेन्शिओमीटरचंच (थोडक्यात पोट, नॉब फिरवून व्होल्टेज कमी-जास्त करायचा भाग) घ्या. त्याच्या बुशला, म्हणजे आटे असलेल्या नळीला, 7 मिमीचं भोक लागतं, नटाखालचा वायसर साधारण 12 मिमीचा आणि वरचा नॉब 20 मिमीचा. दोन मिमी सरकवलेल्या भोकाची लांबट फट वायसरखाली जेमतेम दडते, नॉबखाली तर आरामात. तिथे पुट्टी, रंग वगैरे कशाला?

सरकवायचं कसं, इथे मात्र गफलत होते. मोठा ड्रिल बिट किंवा स्टेप ड्रिल (पायऱ्यापायऱ्यांनी रुंद होत जाणारा बिट) घातला की भोक मोठं होतं, सरकत नाही. बिट जुन्याच भोकाच्या मध्यावर जाऊन बसतो. म्हणून व्हर्नियरने खरा मध्य काढा, त्याभोवती हव्या मापाचं वर्तुळ टोकदार सुईने ओढा आणि गोल कानशीने फक्त सरकवायच्या बाजूला रेघेपर्यंत घासा. त्याआधी बोर्ड आणि ट्रान्सफॉर्मर बाहेर काढा. ॲल्युमिनियमचा भुगा बोर्डावर पडला की दोन ट्रॅकच्या मधे नेमका जाऊन बसतो. पोटला एक छोटं पातं असतं, ते पकडीने मोडून टाकायची पद्धत आहे. लांबट भोकात तसं करू नका. त्या पात्यासाठी नव्या जागी छोटं भोक पाडा, नाहीतर नॉब जोरात फिरवला की सगळा पोट फिरतो आणि मागच्या वायरी तुटतात.

सगळीच भोकं उलट्या बाजूला पडली असतील, म्हणजे आतून आखणी करताना आरशातल्यासारखा घोळ झाला असेल, तर हसून सोडा. पॅनेल सुटं आणि सपाट असेल तर ते पालथं करून लावा. भोकाच्या कडेला वर आलेला बर साफ केला की झालं.

एलईडीचं 5 मिमीचं भोक साडेसहाचं झालं असेल तर स्टेप ड्रिलने सरळ 8 मिमीचं करा आणि धातूचा होल्डर बसवा. आधीपेक्षा छानच दिसतं. पुण्यात असाल तर बुधवार पेठेत तपकीर गल्लीत होल्डर, रबरी ग्रोमेट (भोकाच्या कडेला बसवायची कडी), भोक बंद करायच्या काळ्या टोप्या, सगळं हाताळून घेता येतं. भलत्याच जागी पडलेल्या 3 मिमीच्या भोकात मी एम 3 चा स्क्रू लावतो आणि समोरच्या बाजूला तसाच दुसरा. दोन्हीकडे सारखे स्क्रू दिसले की परीक्षक काही विचारत नाहीत.

आता खरंच बुजवायची वेळ आली तर. डबा एबीएसचा असेल तर त्याच प्लॅस्टिकचे बारीक तुकडे काचेच्या बाटलीत ॲसिटोनमध्ये विरघळवून दाट खळ करा. खिडकी उघडी ठेवा, जवळपास सोल्डरिंग नको. भोकामागे टेप लावून खळ थरा-थराने भरा, कारण ॲसिटोन उडालं की ती आकसते. शेवटचा थर थोडा वर ठेवून एक दिवस थांबा, मग 240 आणि 400 नंबरचा पॉलिश पेपर पाण्यासोबत. पारदर्शक झाकणाचा डबा बहुधा पॉलिकार्बोनेटचा असतो. त्याला ॲसिटोन लावू नका, तडे जातात. भोकापासून तडा आधीच निघाला असेल तर तो जिथे संपतो तिथे दीड मिमीचं भोक पाडा. तडा तिथे थांबतो.

पत्र्याच्या डब्यात नुसती पुट्टी टिकत नाही. आतून दीड मिमी ॲल्युमिनियमचा तुकडा लावा, दोन्ही पृष्ठभाग 80 नंबरच्या पेपरने खरवडून, ॲराल्डाइटने. पुढून ॲराल्डाइटमध्ये कानशीचा भुगा कालवून भरा. रात्रभर वाळू द्या. नवं भोक त्या भरावाला कापत जाणार असेल तर ड्रिल चालवू नका, कडेचा तुकडा उडतो. कानस किंवा हाताचा रीमर (भोक हळूहळू मोठं करायचं हत्यार) घ्या. पावडर कोटिंगचा रंग जुळणार नाही, तेव्हा ठिगळापुरता नाही, सगळी पुढची बाजू रंगवा.

230 व्होल्टच्या बाजूला मात्र माझी एम-सीलला साफ मनाई आहे. आयईसी सॉकेटची (मेनची केबल खोचायच्या सॉकेटची) खिडकी मोठी कापली गेली असेल तर 2 मिमी ॲल्युमिनियमची नवी पट्टी कापा, तिच्यात खिडकी नीट काढा आणि ती बोल्टने कसा. बोल्टखालचा रंग खरवडून दातेरी वायसर घाला. मग मल्टीमीटरने सॉकेटची अर्थ पिन ते पट्टी आणि पिन ते डबा असा रोध मोजा. दोन्ही लीड एकमेकांना टेकवल्यावर जे रीडिंग येतं, जवळपास तेवढंच आलं पाहिजे.

आउटपुटच्या बाइंडिंग पोस्टचं (वायर कसायच्या खुंटीचं) भोक मोठं झालं तर धोका वेगळा. त्याच्या प्लॅस्टिक वायसरचा खांदा भोकात ढिला पडतो, दांडा सरकून पत्र्याला लागतो. तिथे दोन्ही पोस्ट हायलमच्या (वीज न वाहणाऱ्या कडक शीटच्या) तुकड्यावर बसवा आणि पत्र्यात त्यांच्यामागे मोकळी खिडकी ठेवा.

आणि पॅनेलची पार चाळणीच झाली असेल तर वरून अख्खी ॲक्रिलिकची पट्टी लेझरने कापून घ्या. 2 मिमीचीच. पोटच्या बुशवर आटे जेमतेम सहा-सात मिमी असतात. पत्रा, पट्टी, वायसर आणि नट मिळून तेवढे सहज संपतात. 3 मिमीची आणलीत तर नटाला धरायला काही उरत नाही. ती आधीच कापून आणली असेल तर आतला वायसर काढून बघा, बहुतेक वेळा तेवढ्याने भागतं.