स्किझोफ्रेनियाविषयीचा कलंक कमी करणारा कार्यक्रम कसा आखावा

कार्यालयात किंवा महाविद्यालयात स्किझोफ्रेनियावर, म्हणजे भास आणि भ्रम होणाऱ्या मानसिक आजारावर, कार्यक्रम ठरला की बहुधा मानसोपचारतज्ज्ञांना बोलावले जाते, पडद्यावर मेंदूचे चित्र येते आणि श्रोते लक्षणे टिपून घेतात. माहिती मिळते, परंतु हा आजार असलेल्या सहकाऱ्याशेजारी बसून काम करण्याची तयारी तेवढ्याने वाढत नाही. उलट केवळ जैविक कारणे ऐकून ‘हा माणूस बरा होणारच नाही’ हा समज बळावू शकतो, असे अभ्यासांत आढळले आहे. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या आयोगाने २०२२ मध्ये उपलब्ध पुरावा तपासून, कलंक घटवण्यात आजार अनुभवलेल्या व्यक्तींशी होणारा संपर्क सर्वाधिक परिणामकारक ठरतो, असा निष्कर्ष काढला.

म्हणून मुख्य वक्ता आजारातून गेलेली व्यक्ती असावी आणि डॉक्टरांनी शेजारी बसून पूरक बोलावे. वक्त्याला डॉक्टरांइतकेच मानधन द्यावे, कारण व्यासपीठावरची बरोबरी श्रोत्यांच्या नजरेतून सुटत नाही. कोणत्या गोष्टी सांगायच्या नाहीत, हे वक्त्याने आधीच ठरवावे आणि छायाचित्रणासाठी संयोजकांनी त्याची परवानगी स्वतंत्रपणे घ्यावी. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या, २७ देशांतील स्किझोफ्रेनिया असलेल्या ७३२ जणांच्या पाहणीत ७२ टक्के व्यक्तींना आपले निदान लपवावेसे वाटत होते. तेव्हा व्यासपीठावर येणारा माणूस किती मोठी जोखीम पत्करतो, याचे भान संयोजकांनी ठेवायलाच हवे.

निवड करताना एक मोह टाळावा. असामान्य यश मिळवलेली व्यक्ती आणली, तर श्रोते तिला अपवाद ठरवून मोकळे होतात आणि मूळचा समज जसाच्या तसा राहतो. नोकरी सांभाळणारी, औषधांमुळे येणाऱ्या सुस्तीची तक्रार करणारी, घरच्यांशी कधी खटके उडणारी सामान्य व्यक्ती अधिक उपयोगी ठरते. कानात आवाज ऐकवून भासांचा ‘अनुभव’ देणारे खेळ मात्र टाळलेले बरे; त्यांतून सहानुभूती वाढली तरी अंतर राखण्याची इच्छाही वाढल्याचे काही अभ्यासांत दिसले आहे.

‘हे लोक हिंसक असतात का?’ हा प्रश्न हमखास येतो, आणि त्याचे उत्तर देण्याचे ओझे वक्त्यावर टाकू नये. डॉक्टरांनी सरळ सांगावे की धोका काहीसा वाढलेला असतो, तो व्यसनाची जोड असताना विशेष दिसतो, परंतु बहुसंख्य व्यक्ती कधीही हिंसा करत नाहीत आणि त्या स्वतःच हिंसेला बळी पडण्याची शक्यता अधिक असते. हे आढेवेढे न घेता सांगितले, तरच श्रोत्यांचा विश्वास बसतो.

एका भेटीचा परिणाम ओसरतो, त्यामुळे काही महिन्यांनी पुन्हा भेट ठेवावी. दरम्यान संस्थेने आपल्या नियमांकडेही पाहावे: तपासणीसाठी रजा मागताना निदान उघड करावे लागते का, आणि ते कोणाकोणाला कळते, हे तपासून पुढच्या भेटीत कर्मचाऱ्यांना सांगावे.