नवे उत्पादन ट्रायलमध्ये अडकते? संघकार्यातील या चुका टाळा

नाशिक परिसरातील सातपूर, अंबड आणि सिन्नरच्या कारखान्यांत नव्या कल्पनांची वानवा नाही. अडचण येते ती कल्पना एका विभागाकडून दुसऱ्याकडे सोपवताना.

सर्वांत महाग चूक म्हणजे ड्रॉइंग मंजूर झाल्यावर टूल रूमला, म्हणजे डाय आणि इतर साधने बनवणाऱ्या विभागाला, बोलावणे. पत्र्याच्या ब्रॅकेटवर बेंडला खेटून भोक दाखवले असेल, तर पत्रा वाकवताना ते ओढले जाऊन लांबट होते, ही गोष्ट प्रेसवरचा अनुभवी कारागीर ड्रॉइंग पाहताच सांगू शकतो. परंतु ड्रॉइंग त्याच्या हाती पडते तेव्हा डाय (पत्र्याला आकार देणारा साचा) तयार झालेली असते. मग भोक बेंडनंतर पाडावे लागते, म्हणजे एक ऑपरेशन आणि एक फिक्स्चर (भाग पकडून ठेवणारे साधन) वाढते. ट्रायलनंतर रिव्हिजनचे, म्हणजे ड्रॉइंगच्या सुधारित आवृत्त्यांचे, आकडे भराभर चढू लागले, तर दोष बहुधा येथेच असतो. ड्रॉइंग कायम करण्यापूर्वी डिझाइन, टूल रूम, उत्पादन, क्वालिटी आणि खरेदी यांनी ते एकत्र बसून पाहावे आणि प्रत्येक आक्षेप, त्यावरील निर्णयासह, लिहून ठेवावा. वरिष्ठांनी आपले मत शेवटी मांडावे, अन्यथा बैठक नुसती मान डोलावण्याची होते.

दुसरी चूक माहितीच्या आवृत्त्यांची. एअरबसच्या ए३८० विमानाच्या बांधणीत जर्मनीतील आणि फ्रान्समधील गटांनी एकाच डिझाइन सॉफ्टवेअरच्या वेगवेगळ्या आवृत्त्या वापरल्या. परिणामी वायरिंगचे जुडगे प्रत्यक्ष विमानात आखल्याप्रमाणे बसेनात आणि २००६ मध्ये कंपनीला विमाने देण्यास मोठा विलंब जाहीर करावा लागला. आपल्याकडे हाच प्रकार व्हॉट्सॲपवर फिरणाऱ्या जुन्या ड्रॉइंगमुळे घडतो. चालू रिव्हिजन एकाच ठिकाणी असावी आणि मशीनजवळची जुनी प्रत त्याच दिवशी काढून घ्यावी.

वाहने, स्विचगिअर (वीजपुरवठा नियंत्रित करणारी उपकरणे) आणि ओझरची लढाऊ विमाने यांच्या निर्मितीमुळे नाशिक परिसरात हीट ट्रीटमेंट (धातूवरील उष्णता प्रक्रिया), प्लेटिंग (धातूचा मुलामा) आणि टूलिंगचे जाणकार सहज भेटतात; तरीही त्यांना ड्रॉइंग पाठवून केवळ दर विचारला जातो. ‘हा टॉलरन्स (मापातील चालणारा फरक) सैल केला तर ग्राइंडिंग (घासून अचूक माप देण्याचे काम) वाचेल का?’ हा प्रश्नही त्यांना विचारावा.

क्वालिटी सर्कलची पद्धत १९६२ मध्ये जपानमध्ये सुरू झाली, ती कामगारांनी आपल्याच कामातील अडचणी एकत्र अभ्यासाव्यात म्हणून. अनेक ठिकाणी तिची जागा सूचनापेटी आणि प्रशस्तिपत्रकाने घेतली आहे. सूचना नाकारली तरी कारणासह लेखी उत्तर द्यावे. उत्तर न मिळालेला कामगार पुन्हा चिठ्ठी टाकत नाही.

शेवटचा मुद्दा ट्रायलचा. निवडक ऑपरेटरकडून पहिल्या शिफ्टमध्ये घेतलेली ट्रायल बहुतेकदा यशस्वी ठरते, आणि रिजेक्शन पुढे नियमित उत्पादनात दिसते. एक ट्रायल रात्रपाळीत, नेहमीच्या ऑपरेटरच्या हातून, डिझायनर मशीनजवळ उभा असताना घ्यावी आणि तिच्या नोंदी वेगळ्या ठेवाव्यात.