चकाकी कमी करायला पुन्हा रेंडर कशाला?

‘टेबलाची चकाकी जरा उतरवा’ एवढ्यासाठी अख्खा थ्रीडी सीन पुन्हा रेंडरला (संगणकाकडून अंतिम चित्र बनवून घ्यायला) लावणं मला पटत नाही. ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरच्या सायकल्स या रेंडर इंजिनमध्ये व्ह्यू लेअर सेटिंग्जच्या पासेसमधून (चित्राचे वेगवेगळे साठवलेले थर) डिफ्यूज (विखुरलेला प्रकाश) आणि ग्लॉसी (चकाकी) यांचे डायरेक्ट (दिव्यातून थेट आलेला), इनडायरेक्ट (इतर वस्तूंवरून उसळून आलेला), कलर (पृष्ठभागाचा रंग) सुरू करा. सीनमध्ये काच किंवा दिवे असतील तर ट्रान्समिशन (आरपार जाणारा प्रकाश), एमिशनही (वस्तूतून निघणारा प्रकाश). फाइल मल्टिलेअर ईएक्सआर, म्हणजे सगळे पास एकाच फाइलमध्ये राहतात.

कंपोझिटरमध्ये (ब्लेंडरमध्ये हे थर जोडायची जागा) डिफ्यूज, ग्लॉसी अशा प्रत्येक गटात आधी डायरेक्ट आणि इनडायरेक्टची बेरीज, मग तिला कलरने गुणायचं. सगळे गट मिळवले की मूळ चित्र परत यायला हवं. मी मूळ चित्र आणि जोडलेलं चित्र यांची वजाबाकी करून बघते: काळं आलं की हिशेब जुळला. मगच ग्लॉसी 0.7 ने गुणा. चकाकी उतरते, लाकडाचा रंग जागचा हलत नाही.

कंपोझिटरमध्ये धुकं घालायला मात्र डेप्थ (कॅमेऱ्यापासूनच्या अंतराचा पास) नको, मिस्ट (धुक्यासाठीचा पास) घ्या. कडा गुळगुळीत येतात.