कॉपी-ऑन-राइट फाइलसिस्टीम: या चुका टाळा, आणि आधी रिपेअरवरचा हात काढा

"दादा, माउंट होत नव्हतं म्हणून रिपेअर मारलं, आता तर काहीच दिसत नाहीये." हा मेसेज इतक्या जणांकडून आलाय की आता एकदाच सगळं लिहून टाकतो. फाइलसिस्टीम म्हणजे डिस्कवर फाइली कुठे आणि कशा ठेवायच्या ते सांभाळणारं सॉफ्टवेअर, आणि माउंट म्हणजे ती वापरायला उघडणं. यातलं थोडं बटरएफएस, झेडएफएस या कॉपी-ऑन-राइट फाइलसिस्टीम वापरणाऱ्यांसाठी आहे आणि थोडं फाइलसिस्टीम लिहिणाऱ्यांसाठी, कारण पुण्यात दोन्ही जमातीचे लोक भरपूर आहेत. स्टोरेजवर काम करणाऱ्या कंपन्या इथे कितीतरी आहेत आणि बीईच्या शेवटच्या वर्षाला "आम्ही स्वतःची फाइलसिस्टीम लिहितोय" म्हणणारा एखादा तरी ग्रुप भेटतोच, आणि मला त्या पोरांचं खरंच कौतुक वाटतं, फक्त घाई करू नका एवढंच म्हणणं आहे.

आधी एक गोष्ट डोक्यात पक्की बसवा, मग बाकी सगळं समजतं. कॉपी-ऑन-राइटमध्ये जुना ब्लॉक (डिस्कवरचा ठरावीक आकाराचा तुकडा) जागच्या जागी बदलायचा नसतो. नवा मजकूर मोकळ्या जागेत लिहायचा, मग त्या ब्लॉकचा पत्ता ज्या नोडमध्ये (पत्त्यांच्या झाडाचा एक सांधा) आहे तो नोडसुद्धा नव्या जागी, मग त्याचा पेरेंट, म्हणजे वरचा नोड, असं करत झाडाच्या मुळापर्यंत, म्हणजे रूटपर्यंत जायचं, हे सगळं डिस्कवर खरोखर पोचल्याची खात्री म्हणून फ्लश द्यायचा, आणि सगळ्यात शेवटी सुपरब्लॉक, म्हणजे रूटचा पत्ता ठेवणारा ब्लॉक, लिहायचा. सुपरब्लॉक लिहिला गेला की कमिट झालं, म्हणजे बदल पक्का, मध्येच लाइट गेली तर जुनं झाड जसंच्या तसं उभं. बटरएफएस काही वेगळं सांगितलं नसेल तर दर ३० सेकंदांनी हे करतं. म्हणजे सगळा भरवसा क्रमावर आहे: नवं पक्कं होईपर्यंत जुन्याला हात लावायचा नाही. खालच्या बहुतेक चुका म्हणजे कुणीतरी, कधी युजरने, कधी डिस्कने, कधी कोड लिहिणाऱ्याने, हा क्रम मोडलाय.

माउंट झालं नाही की लगेच रिपेअर

माझा एक मित्र कोथरूडला लग्नाचे फोटो आणि व्हिडिओ करतो. सगळा डेटा एका मोठ्या हार्डडिस्कवर, डिस्क स्वस्तातल्या यूएसबी एन्क्लोजरमध्ये (यूएसबीने जोडायच्या डबीत), वर बटरएफएस. गुरुवारी लाइट गेली (पुण्यात गुरुवार म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको) आणि एन्क्लोजरला यूपीएस नव्हता. लाइट आल्यावर माउंट होईना, डीमेसेजमध्ये (कर्नलचे, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमच्या गाभ्याचे संदेश) "पेरेंट ट्रान्सआयडी व्हेरिफाय फेल्ड", पुढे वॉन्टेड अमुक, फाउंड तमुक, आणि फाउंडचा आकडा वॉन्टेडपेक्षा लहान. त्याने गूगल केलं, कुठल्यातरी जुन्या उत्तरात चेक रिपेअर ही दुरुस्तीची कमांड लिहिली होती, ती मारली. ती कमांड आधी चक्क बजावते की डेव्हलपरने किंवा जाणकार माणसाने सांगितल्याशिवाय चालवू नका, आणि १० सेकंद थांबते, ती सेकंदं त्याने जाऊ दिली. मग झीरो-लॉग, म्हणजे लॉग पुसणारी कमांड, मारली, मग पुन्हा रिपेअर, आणि मग मला फोन. "अरे, नवरीकडचे लोक रविवारी येणारेत रे पेनड्राइव्ह घ्यायला."

त्या एररचा अर्थ नीट समजून घ्या. पेरेंट नोड म्हणतोय माझ्या पोराची (खालच्या नोडची) जनरेशन, म्हणजे तो कितव्या कमिटला लिहिला तो आकडा, इतकी असायला हवी, डिस्कवर मात्र त्या जागी जुन्या जनरेशनचा ब्लॉक सापडतोय. म्हणजे नवा ब्लॉक डिस्कवर गेलाच नाही आणि त्याच्याकडे बोट दाखवणारा सुपरब्लॉक मात्र गेला. क्रम उलटा झाला. हे बहुतेक वेळा एन्क्लोजरमधला ब्रिज (यूएसबी आणि डिस्क जोडणारी चिप) किंवा डिस्कचं फर्मवेअर फ्लश आल्यावर "झालं लिहून" असं खोटं सांगतं म्हणून होतं, फाइलसिस्टीमचा यात दोष नसतो.

आता रिपेअर वाईट का? बटरएफएसच्या सुपरब्लॉकमध्ये मागच्या ४ कमिटच्या रूटचे पत्ते ठेवलेले असतात. त्यातला एखादा रूट अजून धड असू शकतो आणि तोच तुमचा परतीचा रस्ता असतो. रिपेअर चालवलं की ते स्वतः नवी कमिट करतं, प्रत्येक कमिटला त्या ४ मधला सगळ्यात जुना पत्ता पुसला जातो, आणि वर एक्स्टेंट ट्री, म्हणजे कुठली जागा वापरात आहे त्याची नोंद, मोडकी असेल तर रिपेअरला जी जागा मोकळी वाटते तिथे तुमच्या जुन्या झाडाचे नोड असू शकतात, त्यांच्यावर ते लिहितं. हातचं सोडून पळत्याच्या पाठी लागणं म्हणतात ते हेच.

आम्ही काय केलं, तर डिस्क एन्क्लोजरमधून काढून सरळ साटा केबलला लावली, डीडी-रेस्क्यूने दुसऱ्या डिस्कवर पूर्ण इमेज (जशीच्या तशी प्रत) काढली, मूळ डिस्क काढून बाजूला ठेवली आणि इमेजवर फाइंड-रूट चालवून जुन्या रूटचे पत्ते शोधले. मग एकेक पत्ता रिस्टोअर या फाइली बाहेर काढणाऱ्या कमांडला देऊन आधी ड्राय रन, म्हणजे नुसती यादी बघायची, फाइल काढायची नाही. तिसऱ्या-चौथ्या पत्त्यावर ओळखीची फोल्डरं दिसायला लागली. लग्न आलं, रिसेप्शन आलं, हळदीचं फुटेज मात्र आलं नाही, त्या फोल्डरकडे जाणाऱ्या नोडवर रिपेअरने दुसरंच काहीतरी लिहिलेलं होतं. कॅमेऱ्याचं कार्ड तोवर फॉरमॅट होऊन पुढच्या लग्नाला गेलं होतं. रिपेअरच्या आधी फोन केला असता तर फार शक्यता होती की सगळंच आलं असतं, हे मी त्याला तोंडावर सांगितलं आणि इथेही सांगतोय कारण तुम्ही पण तेच करणार आहात.

माझी सवय सांगतो. आधी काही न करता डीमेसेज पूर्ण सेव्ह करायचं. मग रीड-ओन्ली माउंट (नुसतं वाचायचं, लिहायचं नाही), रेस्क्यू ऑप्शनमध्ये यूज-बॅकअप-रूट, म्हणजे त्या जुन्या रूटपैकी एक वापरून. नाही झालं तर रेस्क्यू ऑल, हे ५.११ पासूनच्या लिनक्स कर्नलमध्ये आहे, तेही रीड-ओन्लीच. माउंट झालं तर लगेच डेटा दुसऱ्या डिस्कवर कॉपी, "जरा बघतो काय काय आहे" वगैरे नंतर. तरीही नाही तर रिस्टोअर, ते मूळ डिस्कवर काहीच लिहीत नाही. रिपेअर सगळ्यात शेवटी, डेटा हातात आल्यावर किंवा गेलाच असं धरल्यावर, आणि खरं सांगायचं तर तेव्हा मी सरळ फॉरमॅट करून बॅकअपवरून परत भरतो. झीरो-लॉग फक्त डीमेसेज स्वतः लॉग रिप्ले फेल झाला म्हणत असेल तरच, कारण त्या लॉगमध्ये शेवटच्या कमिटनंतर एफसिंक (डिस्कवर पक्कं लिहा हा हुकूम) झालेला डेटा असतो, तो तुम्ही फेकून देता.

आणि एन्क्लोजर बदला. एचडीपार्म कमांडने डिस्कची राइट कॅश (लिहायचं आधी जिथे साठतं ती तात्पुरती मेमरी) बंद करता येते पण कितीतरी ब्रिज ती कमांड डिस्कपर्यंत पोचूच देत नाहीत, त्यामुळे मी यूएसबीवर फक्त बॅकअपची दुसरी प्रत ठेवतो.

बाकी युजरच्या चुका, पटापट

डीडीने काढलेली कॉपी आणि मूळ डिस्क एकाच वेळी मशीनला लावून माउंट करणं. दोघींचा यूयूआयडी (ओळख क्रमांक) एकच, बटरएफएस त्यावरूनच डिव्हाइस ओळखतं, आणि मग कुठल्या डिस्कवर लिहिलं जाईल याचा नेम नाही.

डीएफमध्ये (मोकळी जागा दाखवणारी कमांड) जागा दिसतेय पण "नो स्पेस लेफ्ट" येतंय. डीएफ बघू नका, बटरएफएसची फाइलसिस्टीम यूसेज ही कमांड बघा. बटरएफएस जागा आधी डेटा आणि मेटाडेटा (फाइलींची नावं, पत्ते वगैरे नोंदी) अशा चंकमध्ये, म्हणजे मोठ्या तुकड्यांत, वाटून टाकतं, सगळी डेटाला वाटली गेली आणि मेटाडेटाचे चंक भरले की अडलं. आणि डिलीट करायलाही नवे मेटाडेटा ब्लॉक लागतात, जुने जागेवर बदलता येत नाहीत ना, म्हणून आरएम ही डिलीटची कमांडसुद्धा एरर देते. उपाय म्हणजे बॅलन्सला (अर्धवट भरलेले चंक एकत्र करणारी कमांड) डेटा-यूसेज ५ किंवा १० असा छोटा आकडा द्या, तेही अडलं तर तात्पुरतं एखादं डिव्हाइस ॲड करा, काम झालं की रिमूव्ह करा. पूर्ण बॅलन्स रात्रभर लावून ठेवणारे लोक आहेत, त्याची काही गरज नसते, आणि मेटाडेटा तर बॅलन्स करूच नका.

फाइली उडवल्या तरी जागा सुटत नाही? स्नॅपशॉट (फाइलसिस्टीमचं त्या क्षणाचं गोठवलेलं चित्र) बघा, त्यात त्या फाइली अजून जिवंत आहेत. डीफ्रॅग मारलंत तर उलट जागा वाढेल, शेअर केलेले एक्स्टेंट (डेटाचे सलग तुकडे) वेगळे होतात.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नाही. त्याच डिस्कवर आहे तो.

रेड म्हणजे अनेक डिस्क एकत्र वापरणं. रेड ५/६ वर मेटाडेटा ठेवू नका, मेटाडेटा रेड १ (दोन प्रती) किंवा रेड १ सी ३ (तीन प्रती) करा.

व्हर्च्युअल मशीनच्या इमेजसाठी चॅट्टर कमांडचा मोठा सी फ्लॅग लावून कॉपी-ऑन-राइट बंद करतात, तो रिकाम्या फोल्डरला आधी लावावा लागतो, भरलेल्या फाइलला लावून उपयोग नाही. पण मला तो शॉर्टकट आवडत नाही, कारण त्याबरोबर चेकसमही (मजकूर बिघडला का ते ओळखायचे आकडे) जातात आणि रेड १ वर दोन प्रती वेगळ्या झाल्या तर खरी कुठली हे सांगणारं कोणी उरत नाही.

चेकसम एरर आला की "बटरएफएसने डेटा खाल्ला, मी आता ईएक्सटी४ वर जातो" म्हणणारे खूप भेटतात. अहो, डेटा डिस्कने किंवा रॅमने बिघडवलाय, बटरएफएसने फक्त सांगितलं. ईएक्सटी४ फाइलमधल्या डेटाचा चेकसम ठेवतच नाही, तिकडे तो बिघाड तुम्हाला कळणारच नाही. आधी एक रात्र मेमटेस्ट चालवा.

आता लिहिणाऱ्यांसाठी: सुटलेला ब्लॉक लगेच वापरणं

ही माझ्या दृष्टीने डेव्हलपरची सगळ्यात मोठी चूक, आणि नवीन लिहिणारा जवळजवळ प्रत्येक जण करतो. एका फायनल इयरच्या ग्रुपने सी मध्ये फ्यूजवर (कर्नलबाहेर फाइलसिस्टीम लिहायची सोय) छान छोटी कॉपी-ऑन-राइट फाइलसिस्टीम लिहिली होती, बी-ट्री, चेकसम, स्नॅपशॉट, सगळं. डेमो तोंडावर आलेला आणि प्रोसेस किल-नाइन केली (जबरदस्तीने मारली) की कधीकधी झाड मधूनच तुटायचं. प्रत्येक वेळी नाही, म्हणून पोरं आणखी वैतागलेली. त्यांनी फ्यूजला दोष दिला, मग जिथे दिसेल तिथे एफसिंक टाकला, सगळं गोगलगायीसारखं हळू झालं आणि बग तिथेच. कारण शोधल्याशिवाय एफसिंक शिंपडणं मला अजिबात चालत नाही, त्याने बग जात नाही, फक्त दिसेनासा होतो.

मी म्हटलं कोड राहू द्या, प्रत्येक ॲलोक (ब्लॉक घेणं) आणि प्रत्येक फ्रीला (ब्लॉक सोडणं) ब्लॉक नंबर आणि ट्रान्झॅक्शन नंबर, म्हणजे कितवी कमिट चालू आहे ते, छापा. कंटाळत कंटाळत केलं. लॉगमध्ये दिसलं: ब्लॉक ११८७, ट्रान्झॅक्शन ५२ मध्ये फ्री. चार ओळी खाली ब्लॉक ११८७, ट्रान्झॅक्शन ५२ मध्येच ॲलोक. झालं. ५२ चा सुपरब्लॉक अजून लिहिलेला नाही, म्हणजे डिस्कच्या दृष्टीने ५१ चं झाड चालू आहे आणि ११८७ त्या झाडाचा नोड आहे, आणि तुम्ही त्यावर दुसरं काहीतरी लिहिलंत. आता इथे क्रॅश झाला तर परत जायला ५१ पण नाही आणि ५२ पण नाही. त्यातली एक मुलगी लगेच म्हणाली, "म्हणजे दादा, फ्री केलेले वेगळ्या लिस्टमध्ये ठेवायचे आणि सुपरब्लॉक लिहून झाल्यावरच खरे फ्री करायचे?" बरोबर तेच. बटरएफएसमध्ये त्यांना पिन्ड एक्स्टेंट म्हणतात. झेडएफएस तर सुटलेले ब्लॉक आणखी थोडे ट्रान्झॅक्शन ग्रुप अडवून ठेवतं, मागच्या उबरब्लॉकवर (झेडएफएसचा सुपरब्लॉक) परत जाता यावं म्हणून.

त्यातच दुसरी चूक लपलेली होती. त्यांच्या नोडमध्ये फक्त चेकसम होता. ११८७ वर लिहिलेला नवा नोड स्वतःपुरता अगदी बरोबर होता, चेकसम जुळत होता, फक्त तो भलताच नोड होता. म्हणून नोडच्या हेडरमध्ये त्याचा स्वतःचा पत्ता, जनरेशन, लेव्हल आणि कुठल्या झाडाचा आहे ते ठेवा, आणि पेरेंटच्या पॉइंटरमध्ये जनरेशन ठेवून वाचताना ताडून बघा. बटरएफएस असंच करतं, झेडएफएस पोराचा चेकसमच पेरेंटमध्ये ठेवतं. दोन्हीपैकी काहीही करा पण पहिल्या दिवसापासून करा, फॉरमॅट नंतर बदलणं फार जिवावर येतं.

किल-नाइन करून "क्रॅश टेस्ट झाली" म्हणू नका. प्रोसेस मरते पण लिहिलेलं कर्नलच्या पेज कॅशमध्ये (रॅममधली साठवण) शाबूत असतं, त्यामुळे फ्लश द्यायला विसरलात तर ते त्यात कधीच सापडणार नाही. त्यासाठी डीएम-लॉग-राइट्स आहे, ते प्रत्येक राइट आणि फ्लश क्रमाने नोंदवून ठेवतं, मग हव्या त्या क्षणापर्यंत रिप्ले करा आणि तिथे चेक चालवा. एफएस-टेस्ट्स या टेस्टच्या संचातल्या जेनेरिक ४७५ सारख्या टेस्ट, ज्या चालू कामात डिव्हाइसच एरर द्यायला लावतात, मी रात्रभर लूपमध्ये लावून झोपतो, एकदा पास झाली म्हणजे काही कळत नाही.

जागेचं रिझर्व्हेशन "नंतर करू" म्हणून सोडू नका, ऑपरेशन सुरू करायच्या आधी सगळ्यात वाईट केस धरून जागा अडवा, मध्येच जागा संपली तर मागे फिरायला रस्ता नसतो. कर्नलमध्ये असाल तर ट्रान्झॅक्शन उघडं असताना जीएफपी-कर्नलने मेमरी मागू नका, रिक्लेम (मेमरी मोकळी करायचं काम) फिरून तुमच्याच फाइलसिस्टीममध्ये येईल आणि डेडलॉक होईल, म्हणजे दोघं एकमेकांची वाट बघत अडकतील, जीएफपी-नोएफएस वापरा.

आणि बग दिसला की सगळ्यात नव्या फीचरवर खापर फोडू नका. २०२३ च्या नोव्हेंबरमध्ये ओपनझेडएफएस २.२.० वर कॉपी केलेल्या फाइलींत मधेच शून्यं सापडायला लागली, नुकतंच ब्लॉक क्लोनिंग (कॉपी न करता तेच ब्लॉक वापरणं) आलेलं म्हणून सगळ्यांनी त्याच्याकडे बोट दाखवलं. खरा बग निघाला डीनोड (फाइलची नोंद) डर्टी, म्हणजे अजून डिस्कवर न लिहिलेले बदल असलेला, आहे की नाही ते बघणाऱ्या चेकमध्ये, तो बराच आधीपासून होता, फाइलमधली होल (रिकाम्या जागा) विचारताना चुकून "इथे काही नाही" असं उत्तर जायचं, आणि नवीन सीपी कमांड होल विचारून कॉपी करते म्हणून तो जास्त दिसायला लागला. २.२.२ बरोबर जुन्या शाखेतही २.१.१४ मध्ये फिक्स द्यावा लागला तो त्यामुळेच.

मदत मागताना स्क्रीनचा मोबाईलवर काढलेला फोटो पाठवू नका. कर्नलचं व्हर्जन, बटरएफएस-प्रॉग्जचं (बटरएफएसच्या कमांडचा संच) व्हर्जन, फाइलसिस्टीम यूसेजचं आउटपुट आणि पूर्ण डीमेसेज टेक्स्टमध्ये द्या, पहिल्या एररच्या आधीच्या ओळींसकट, कारण बहुतेक वेळा डिस्कचा आय-ओ एरर तिथेच असतो. मेटाडेटाच हवा असेल तर बटरएफएस-इमेजने त्याची कॉपी निघते, फाइलींतला मजकूर त्यात जात नाही, नावं मात्र जातात, ती लपवायची असतील तर छोट्या एसचा ऑप्शन द्या.