धमनीतला दाह पेट-सीटीवर शोधताना या चुका टाळा

एफडीजी (साखरेसारखं किरणोत्सारी औषध) टोचून केलेल्या पेट-सीटी स्कॅनवर कॅरोटिड (मानेतली धमनी) किंवा महाधमनीची भिंत उजळली की ‘इथे मॅक्रोफेज, म्हणजे दाहातल्या प्रतिकारपेशी, जमलेत’ असं लिहायला हात शिवशिवतात. पण एफडीजी मॅक्रोफेजला ओळखत नाही. ते ग्लुकोजचं सोंग. साखर हवी असलेली पेशी ते आत घेते, हेक्झोकायनेज हे विकर त्यावर फॉस्फेट चढवतं आणि पुढची वाट बंद असल्याने ते तिथेच अडकतं. प्लाकमधल्या (धमनीच्या भिंतीत साचलेल्या चरबीच्या थरामधल्या) चेतलेल्या मॅक्रोफेजना साखर भरपूर लागते म्हणून ती जागा दिसते. बाकी साखरखाऊ पेशीही तशाच दिसतात, आणि निम्मे घोटाळे रुग्ण टेबलावर येण्याआधीच झालेले असतात.

‘उपास’ हा शब्द वापरू नका

रुग्णाला ‘उपास करून या’ सांगितलं, की तो साबुदाण्याची खिचडी खाऊन येतो. म्हणजे निव्वळ स्टार्च! इन्सुलिन वाढतं, एफडीजी स्नायूंत शिरतं आणि धमनीच्या वाट्याला थोडंच उरतं. किमान ६ तास साध्या पाण्याशिवाय काहीही नाही, अर्धा कप चहासुद्धा नाही, असं कागदावर लिहून द्या. वॉर्डातून येणाऱ्या रुग्णाची सलाईनची बाटली वाचून बघा; डेक्स्ट्रोज चालू असेल तर तोंडाने उपाशी राहून उपयोग शून्य. रक्तातली साखर १२६ मिलिग्रॅमच्या खाली असलेली बरी. जास्त निघाली म्हणून जलद इन्सुलिन टोचून लगेच एफडीजी देणं ही आणखी मोठी चूक, कारण एफडीजी पुन्हा स्नायूंतच जातं. अशा वेळी तारीख बदला.

स्टेरॉइड आधी, स्कॅन मग: ही चूक

टाकायासू किंवा जायंट सेल आर्टरायटिस या धमनीदाहाच्या आजारांच्या संशयात स्टेरॉइड सुरू झालं की चमक विझू लागते. शक्य असेल तर स्कॅन आधी करा. मात्र दृष्टी जाण्याचा धोका असेल तर गोळीसाठी स्कॅनची वाट बघायची नाही. उपचार सुरू करा आणि ३ दिवसांच्या आत स्कॅन उरका. दहा दिवसांनी आलेला ‘नॉर्मल’ रिपोर्ट फारसं काही सांगत नाही.

घड्याळाच्या दोन वेगळ्या चुका

एफडीजीतल्या किरणोत्सारी फ्लोरिन-१८ चं अर्धायुष्य ११० मिनिटं. समजा ९ वाजता सिरिंजमध्ये ६ मिलिक्युरी (किरणोत्साराचं माप) मोजले आणि ९.४० ला टोचले. तोवर ४.७ च उरलेले असतात. कन्सोलवर ‘६ मिलिक्युरी, ९.४०’ असं भरलं तर प्रत्येक एसयूव्ही (डोस आणि वजनाच्या हिशेबात मोजलेली चमक) सुमारे २२ टक्के कमी येते. रिकाम्या सिरिंजमधलं उरलेलं मोजून वजा केलं नाही तर त्यात आणखी भर. धमनी भागिले रक्त हे गुणोत्तर, म्हणजे टीबीआर, या चुकीतून सुटतं, कारण अंश आणि छेद दोन्ही सारखेच घसरतात.

दुसऱ्या चुकीतून मात्र टीबीआरही वाचवत नाही. टोचल्यापासून वेळ जाईल तसं रक्तातलं एफडीजी उतरतं, भिंतीतलं टिकतं, आणि गुणोत्तर आपोआप चढतं. उपचाराआधी ६० मिनिटांनी आणि नंतर १०० मिनिटांनी स्कॅन केला, तर खरी सुधारणाही झाकली जाऊ शकते. व्हॅस्क्युलायटिससाठी (रक्तवाहिन्यांच्या दाहासाठी) ६० मिनिटं सर्रास चालतात, प्लाकसाठी १२० मिनिटं थांबलेलं चांगलं. जे ठरवाल ते दोन्ही वेळी तेच ठेवा, शक्यतो मशीनही तेच.

मानेतले तोतये

कॅरोटिडची भिंत एकदोन मिलिमीटरची आणि पेटची नजर ४-५ मिलिमीटरची. शेजारचं काहीही धमनीचं वाटू शकतं: लसिकाग्रंथी, लाँगस कोलाय स्नायू, थंडी वाजलेल्या रुग्णाची तपकिरी चरबी. शेवटच्यासाठी उपाय स्वस्त आहे. टोचण्याआधीपासून पांघरूण द्या, एसी कमी करा. चमकणाऱ्या जागी सीटीवर हौन्सफील्ड (घनतेचा आकडा) शून्याखाली असेल तर ती चरबी, प्लाक नव्हे. दाट कॅल्शियम, स्टेंट किंवा दातातल्या धातूपाशी उजेड दिसला तर अटेन्युएशन करेक्शन (शरीरात शोषल्या गेलेल्या किरणांची सीटीवरून केलेली भरपाई) नसलेली प्रतिमा उघडा. तिथे तो नसेल तर बहुधा सीटीने केलेला भास आहे.

छेदासाठी रक्ताचं माप घेताना ज्या हातात टोचलं त्या बाजूची शीर टाळा. तिथे अडकलेलं औषध छेद फुगवतं आणि आजारी धमनी निरोगी दिसते.

हृदयाच्या धमन्यांसाठी एफडीजीवर विसंबणं

हृदयाचा स्नायू स्वतःच इतका पेटतो की त्यावरच्या कोरोनरी हरवतात. आदल्या दिवशी कर्बोदकं बंद करून भरपूर तूप-चीज-अंडी आणि मग १२ तास उपाशी, असं केल्याने तो बराच शांत होतो. सगळ्यांत होतोच असं नाही. इथे गॅलियम-६८ डोटाटेट हे दुसरं किरणोत्सारी औषध उजवं ठरतं. दाहक मॅक्रोफेजवरच्या सोमॅटोस्टॅटिन रिसेप्टर-२ ला ते चिकटतं आणि हृदयस्नायू जवळजवळ काळाच राहतो. अर्धायुष्य ६८ मिनिटंच, म्हणून वेळापत्रक घट्ट लागतं. सोडियम फ्लोराइडचा स्कॅन मात्र ‘दाहाचा स्कॅन’ म्हणून मागवू नका. ते नव्याने साचणाऱ्या बारीक कॅल्शियमला धरतं, प्रतिकारपेशींना नाही.