किर्गिझस्तानला जायचंय? अल्माटीवरून रस्त्याने असं जा

राजधानी बिश्केकला सरळ विमानाने उतरता येतं, पण मी सांगेन की कझाकस्तानातल्या अल्माटीला उतरा आणि पुढचे साधारण २४० किलोमीटर रस्त्याने जा, एका ट्रिपमध्ये दोन देश होतात आणि बॉर्डर चालत ओलांडायला मिळते.

आधी कागदपत्रं. किर्गिझस्तानचा ई-व्हिसा ऑनलाइन काढायचा, तो हातात येईपर्यंत तिकिटं बुक करू नका. तो सगळ्याच नाक्यांवर चालत नाही, त्यामुळे यादीत अक-जोल आहे ना ते बघा, आपण तिथूनच आत शिरणार. कझाकस्तानात भारतीय पासपोर्टवर एका वेळी १४ दिवस व्हिसा लागत नाही, १८० दिवसांत मिळून ४२, म्हणजे परत येतानाही अल्माटीवरून आलात तरी चालतं.

मग अल्माटीचा सायरान बसस्टँड गाठा. इथून बिश्केकच्या मार्शरुत्का सुटतात, म्हणजे आपलं वडापच, सीटा भरल्या की निघाली. शेअर टॅक्सीही मिळते, थोडी महाग पण पटकन जाते.

आता कोर्दायचा नाका, म्हणजे अक-जोलचीच कझाक बाजू, इथे नीट लक्ष द्या. सगळ्यांना खाली उतरवतात आणि सगळं सामान घेऊन चालत जायचं असतं, गाडी वेगळ्या लायनीतून पलीकडे येते. उतरायच्या आधी गाडीच्या नंबरप्लेटचा फोटो काढा, कारण पलीकडे एकसारख्या पांढऱ्या व्हॅन उभ्या असतात आणि ड्रायव्हर कुणासाठी फार वेळ थांबत नाही. आधी कझाक शिक्का, मग चू नदीवरचा पूल, मग किर्गिझ शिक्का. मोठी सुटकेस असेल तर इथे घाम निघतो, सॅकच बरी. शिक्का नीट उमटलाय का तेही तिथल्या तिथे बघा.

पलीकडे गेलात की घड्याळ एक तास पुढे! कझाकस्तानने मार्च २०२४ मध्ये सगळ्या देशाची वेळ एकच केली, तेव्हापासून अल्माटी आपल्या अर्धा तास मागे आणि बिश्केक अर्धा तास पुढे. येताना फ्लाइट पकडायची असेल तर याचा हिशोब आधीच करा.

कझाक चलन तेंगे संपवा, किर्गिझस्तानात सोम चालतात. शहरात यांडेक्स गो ॲपवरून टॅक्सी बोलवा, नाक्यावरच्या टॅक्सीवाल्यांशी घासाघीस करत बसू नका. पाट्या सिरिलिकमध्ये असतात, इंग्रजी समजून वाचलं तर रेस्टॉरंटचं "पेक्टोपाह" होतं. आणि शाकाहारी असाल तर पोळी-चटणी सोबत ठेवाच, लगमान नूडल्समध्ये सहसा मांस असतंच.