पावसाळ्यात सोडलेलं घर आणि अनामतीतून कापलेली साफसफाई

५ सप्टेंबर २०२४. गणपतीला दोन दिवस होते. शाळा सुटून मी घरी येतच होते, तेवढ्यात रत्नागिरीत मी भाड्यानं राहत होते त्या घराच्या मालकांचा फोन आला. ते डोंबिवलीला राहतात, सणाला गावी आले होते. ‘‘बाई, घराची काय दशा करून ठेवलीत? भिंती हिरव्या पडल्यात, परड्यात पाय ठेवायला जागा नाही. साफसफाईचे नऊ हजार आठशे कापतोय, बाकीचे टाकतो खात्यात.’’ संध्याकाळी ३०,००० च्या अनामतीतले २०,२०० जमा झाले.

मांडवीजवळचं ते चिऱ्याचं, म्हणजे तांबड्या जांभ्या दगडाचं, कौलारू घर मी २२ जूनला सोडलं होतं. कुडाळच्या शाळेत नोकरी लागली म्हणून. म्हणजे अख्खा आषाढ आणि अख्खा श्रावण ते घर कुलुपात होतं. कोकणातल्या कुठल्याही माणसाला विचारा, त्या दोन महिन्यांत बंद घरात काय होतं. चिरा पाणी पितो, समुद्राकडून येणारा पाऊस भिंतीवर आडवा बसतो, खिडक्या बंद म्हणून वारा नाही. सोललेल्या नारळासारखं स्वच्छ ठेवून गेलात तरी गणपतीला दार उघडल्यावर वास येणारच.

नऊ हजार आठशेपैकी ८,६०० मला परत मिळाले. तीन महिने लागले. वकील लावला नाही. माझ्यासारख्या भाड्यानं राहणाऱ्या खूप जणी हे पैसे ‘जाऊ दे, सणासुदीला कुठे वाद’ म्हणून सोडून देतात, आणि तेच मला सहन होत नाही. म्हणून काय केलं ते सविस्तर लिहिते.

फोनवर मी एवढंच म्हटलं, ‘‘काका, कशाचे किती कापलेत ते लिहून पाठवा, मी बघते.’’ सुरुवात इथूनच करायची. फोनवर तुम्ही रागावलात की ते रागावतात, आणि हाती काहीच उरत नाही. ‘साफसफाई ९,८००’ या एका आकड्याशी भांडता येत नाही, त्याचे तुकडे पडले की येतं. दोन दिवसांनी व्हॉट्सअ‍ॅपवर आलं: भिंतीची बुरशी काढून चुना ५,२००, परडं साफ १,८००, मोरी आणि संडास १,६००, ओट्यामागच्या टाइल्स १,२००. बिल एकही नव्हतं. मी लगेच दुसरा निरोप टाकला की कामाच्या पावत्या आणि काम करण्यापूर्वीचे फोटोही पाठवा. पावत्या कधीच आल्या नाहीत, पण मी मागितल्या होत्या याची तारखेसकट नोंद राहिली. पुढे तीच उपयोगी पडली.

मग एकेका रकमेला तीन प्रश्न विचारायचे. किल्ली दिली त्या दिवशी घर असं होतं का? असलंच तर ते माझ्या हयगयीमुळे, की राहण्यामुळे आणि हवेमुळे आपोआप होणारं? आणि खर्च खरोखर झाला का, झाला तर एवढाच का?

बुरशीचं उत्तर किल्लीच्या तारखेत होतं. किल्ली मी मालकांच्या सांगण्यावरून शेजारच्या दादांकडे दिली होती आणि त्यांना निरोप टाकला होता, ‘दादा, किल्ली दिली, मीटर रीडिंगचा फोटो सोबत.’ त्यांचं उत्तर होतं, ‘मिळाली बाई.’ दोन शब्द, पण त्यांच्यामुळे घराचा ताबा कोणत्या दिवशी सुटला हे ठरलं. दादांना मी माझ्या बाजूनं बोलायला सांगितलं नाही. त्यांना तिथेच राहायचंय, मालकांशी त्यांचा तीस वर्षांचा घरोबा आहे. तारीख खरी आहे एवढंच त्यांनी सांगावं, ही माझी अपेक्षा होती. ते स्वतःहून म्हणाले, ‘‘पावसाची ओल ती, कोणाच्या घरात नाय?’’

दुसरा पुरावा मला वाटलंही नव्हतं तिथे सापडला. महावितरणचं वीजबिल. ग्राहक क्रमांक माझ्याकडे होताच, त्यावरून पुढच्या महिन्यांची बिलं ऑनलाइन पाहिली. जुलै आणि ऑगस्टमध्ये वापर जवळजवळ शून्य. घर बंद होतं, पंखा फिरला नाही, खिडकी उघडली गेली नाही, हे मी सांगण्यापेक्षा त्या बिलानं जास्त ठामपणे सांगितलं. तुम्ही सोडलेलं घर बराच काळ रिकामं राहिलं असेल तर ही बिलं उतरवून ठेवाच.

परड्याचं मला टाकळ्यानं सोडवलं. २२ जूनच्या माझ्या फोटोत मागच्या दारी लाल माती आहे आणि तिच्यात टाकळ्याची बोटभर रोपं. पहिल्या पावसानंतर येतात तशी, भाजीला खुडावीत अशी. मालकांनी पाठवलेल्या फोटोत तोच टाकळा मांडीपर्यंत वाढून पिवळा फुललेला, तेरडा वेगळाच. दोन्ही फोटो शेजारी शेजारी लावले. हे रान कधी वाढलं हे कोकणातल्या माणसाला वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मोरीतले लालसर डाग विहिरीच्या पाण्याचे. ते मी राहायला येण्याआधीपासून होते, पण दाखवायचे कसे? २०२१ मध्ये घर घेतलं तेव्हा नीट फोटो काढायची अक्कल सुचली नव्हती. शेवटी आईशी झालेल्या जुन्या चॅटमध्ये शोधलं. पहिल्या दिवशी ‘बघ गं, केवढी मोठी मोरी आहे’ म्हणून तिला पाठवलेला फोटो मिळाला, त्यात डाग स्पष्ट. ज्यांच्याकडे सुरुवातीचे फोटो नाहीत त्यांनी असंच शोधावं. हळदीकुंकू, वाढदिवस, पाहुणे आले तेव्हाचे फोटो. माणसांच्या मागे भिंती असतातच.

ओट्यामागचा तेलाचा थर मात्र माझाच होता. फोडण्यांचा, तीन वर्षांचा. निघायच्या गडबडीत मी तो पुसला नव्हता. तो मी पत्रात सरळ कबूल केला. जे आपलं आहे ते मान्य केलं की बाकीच्या तीन गोष्टींवरचा आपला शब्द वजनाचा होतो, आणि ते खरंही असतं. फक्त रक्कम तपासली. ओळखीच्या घरकाम करणाऱ्या मावशींना विचारलं, तर दोघींचं अर्ध्या दिवसाचं काम, सहाशेत होईल म्हणाल्या. म्हणून १,२०० ऐवजी ६०० मान्य केले.

आता कायदा. मी वकील नाही, पण एवढं समजून घेतलं. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ च्या कलम १०८ मध्ये भाडेपट्ट्यानं घेणाऱ्यानं जागा मिळाली तशी परत द्यायची, मात्र वाजवी झीज आणि आवरता न येणाऱ्या शक्तीनं झालेले बदल त्यातून वगळायचे, असं आहे. आपले करार बहुतेक अकरा महिन्यांचे लीव्ह अँड लायसन्सचे, म्हणजे जागा ठरावीक काळ वापरायच्या परवानगीचे, असतात आणि हे कलम भाडेपट्ट्याचं आहे, तरी झिजेचा न्याय तोच लावा, असं मी मांडलं. भारतीय करार अधिनियम, १८७२ मध्ये नुकसानभरपाई म्हणजे करारभंगामुळे झालेल्या नुकसानीची भरपाई. तुमच्या करारात ‘सोडताना साफसफाईचे इतके कापले जातील’ असं आधीच लिहिलं असेल, तर ती रक्कम दंडासारखी आहे का हे बघा. तशी असेल तर कलम ७४ प्रमाणे वाजवी तेवढीच भरपाई मिळते, लिहिलेला आकडा ही फक्त वरची मर्यादा. तिथे मात्र माझ्यापेक्षा वाद अवघड जाईल, कारण सही तुमची आहे.

मला सर्वात उपयोगी पडलं ते महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ चं कलम ५५. करार लेखी हवा, नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. नोंदणी केली नसेल तर अटींबद्दल भाडेकरूचं म्हणणं, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरतात. माझा पहिला करार नोंदवलेला होता, पुढचे दोन नुसते शंभरच्या स्टॅम्प पेपरवर. ‘सोडताना चुना काढून देणे’ ही ओळ मालकांकडच्या शेवटच्या कागदात मागाहून घातल्यासारखी वाटत होती आणि माझ्या प्रतीत ती नव्हती. मी ते तसंच लिहिलं, आरोप न करता: माझ्या प्रतीत ही अट नाही, आणि करार नोंदणीकृत नाही.

कोणी तुम्हाला सांगेल की दोन महिन्यांच्या भाड्यापेक्षा जास्त अनामत घेताच येत नाही. ते केंद्राच्या २०२१ च्या आदर्श भाडेकरू कायद्यात आहे. तो नमुना आहे, राज्यानं स्वीकारल्याशिवाय लागू होत नाही. पत्रात असलं काही घालू नका. एक चुकीचा मुद्दा दिसला की समोरचा तोच धरून बसतो. शेवटचे दोन महिने भाडंच न देता अनामतीत वळतं करून घ्यायचा सल्लाही देतील. करू नका. मग थकबाकीदार तुम्ही होता. पोलीस ठाण्यात जाऊन फायदा नाही, हा दिवाणी वाद आहे.

पत्र मी एका पानात लिहिलं. वरचे कायद्याचे मुद्दे सोडून बाकीचा मजकूर असा:

‘आदरणीय काका, स. न. वि. वि. आपल्या घराचा ताबा मी २२ जून २०२४ रोजी आपल्या सूचनेप्रमाणे शेजारी किल्ली देऊन सोडला. त्या दिवशीचे फोटो व मीटर रीडिंग सोबत जोडले आहे. आपण कापलेल्या ९,८०० रुपयांपैकी ओट्यामागील टाइल्सच्या सफाईचे ६०० रुपये मला मान्य आहेत. भिंतीवरील बुरशी व परड्यातील रान ताबा दिल्यानंतरच्या पावसाळ्यातील असून त्या काळात घर बंद होते, हे सोबतच्या वीजबिलांवरून दिसते. मोरीतील डाग मी राहायला येण्यापूर्वीचे आहेत, त्याचा २०२१ मधील फोटो जोडला आहे. आपण कोणत्याही खर्चाची पावती दिलेली नाही. तरी उरलेले ९,२०० रुपये हे पत्र मिळाल्यापासून १५ दिवसांत माझ्या खात्यावर जमा करावेत. अन्यथा मला नाइलाजाने कायदेशीर मार्ग घ्यावा लागेल. कळावे.’

यात रागाचं विशेषण एकही नाही. पहिल्या मसुद्यात होती, ती मी रात्री लिहिली आणि सकाळी खोडली. पत्र रजिस्टर एडीनं (पोचपावतीसह) डोंबिवलीच्या पत्त्यावर पाठवलं. २०२५ पासून रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टात विलीन झालं आहे, त्यामुळे आता स्पीड पोस्ट करा आणि पोचपावती मागा. तोच मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवरही टाका. फोटो पाठवताना डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नुसता फोटो म्हणून पाठवला तर त्यातली तारीख-वेळेची माहिती गळते. मूळ फोटो फोनमधून काढू नका आणि तो फोन विकू नका. प्रकरण न्यायालयात गेलं तर भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत प्रमाणपत्र द्यावं लागतं.

पंधरा दिवस गेले, उत्तर नाही. पोचपावतीवर सही मात्र आली होती. मग मी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे दाखलपूर्व अर्ज केला. जिल्हा न्यायालयाच्या आवारातच त्यांचं कार्यालय असतं, तालुक्याला तालुका विधी सेवा समिती असते. दावा दाखल व्हायच्या आधीच दोन्ही पक्षांना बोलावून तडजोड घडवण्याचा हा मार्ग आहे. कोर्ट फी लागत नाही. विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, १९८७ प्रमाणे स्त्रियांना उत्पन्न कितीही असलं तरी मोफत विधी सहाय्य मिळतं, हे कित्येक बायकांना माहीतच नसतं. हेल्पलाइनचा क्रमांक १५१००. लोकअदालतीत तडजोड झाली तर तो निवाडा दिवाणी हुकूमनाम्याइतका पक्का असतो आणि त्यावर अपील नसतं, म्हणून सही करण्याआधी आकडा दोनदा वाचा. इथेही जमलं नाही तर दिवाणी न्यायालयात पैसे वसुलीचा दावा. त्याला साधारण तीन वर्षांची मुदत आहे, त्यामुळे घाबरून लगेच धावायचं कारण नाही, पण फोटो आणि माणसं दोन्ही विसरत जातात, म्हणून बसूनही राहू नका.

माझं प्रकरण तारखेपर्यंत गेलंच नाही. प्राधिकरणाची नोटीस मालकांना पोचल्यावर काकूंचा फोन आला. त्या काकांपेक्षा शांत आहेत. ‘‘बाई, एवढ्यासाठी कोर्टकचेरी कशाला? तुम्ही घर चांगलं ठेवलं होतंत, मला माहितीये.’’ मी म्हटलं, ‘‘काकू, मलाही नकोच आहे. कागद वाचा आणि तुम्हीच सांगा, यातलं माझं काय आहे ते.’’ चार दिवसांनी ८,६०० आले. टाइल्सचे १,२०० त्यांनी पूर्ण ठेवले. सहाशेसाठी मी आणखी पत्र लिहिलं नाही. तीन वर्षं त्यांच्या विहिरीचं पाणी प्यायले होते, भरतीच्या आवाजात झोपले होते.

हे अजून घर न सोडलेल्यांसाठी. पावसाळ्यात घर सोडायची वेळ आली तर किल्ली द्यायच्या दिवशी उजेडात प्रत्येक भिंत, छताखालचे कोपरे, मोरी, ओटा आणि परडं यांचा सलग व्हिडिओ घ्या, शेवटी मीटरवर थांबा. मालक मुंबईला असतील तर त्या दिवशीच व्हिडिओ कॉल करून घर दाखवा आणि ‘आज दाखवलं’ असा निरोप टाका. घर बंद राहणार असेल तर ‘आठवड्याला खिडक्या उघडायची सोय करा’ हेही लिहा. दोन ओळी आहेत, पण पुढची बुरशी कोणाची हे त्या आधीच सांगून ठेवतात.

आणि पैसे येताना एक काळजी घ्या. काकांनी ८,६०० पाठवण्याआधी मला ‘सर्व हिशोब पूर्ण, काही येणे नाही’ असं लिहून मागितलं होतं. मी म्हटलं, जमा झाल्याचा मेसेज येऊ दे. बँकेचा मेसेज आल्यावर त्याच संध्याकाळी मी तारीख आणि रक्कम घालून ते लिहून पाठवलं.